दुखावलेल्या माणसाला आपला विहार सुरक्षित वाटतो का?



या वेळचा पाठ माझ्याच एका चुकीपासून सुरू करते. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीला एक तरुण सून पहिल्यांदाच आली. तिला घरी मारहाण होते, हे माझ्या कानावर आलं होतं. बैठक मीच चालवत होते. हेतू चांगला होता. तीस बायकांसमोर मी तिला म्हटलं, "ऊठ बाई, घाबरू नको. काय होतंय ते सगळ्यांना सांग. आपण भीमाच्या लेकी आहोत." ती उठली. दोन वाक्यं बोलली. मग हात कापायला लागले, ओठ सुकले आणि ती गप्प झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "हिच्या सासूला मी ओळखते, ती काही तशी नाही." संध्याकाळपर्यंत सगळं तिच्या घरी पोहोचलं. त्या रात्री तिला पुन्हा मार बसला. त्यानंतर ती बैठकीला कधीच आली नाही.

मी अनेक वर्षं दवाखान्यात नर्स होते. जखमेवरची पट्टी कशी सोडायची ते मला शिकवलेलं होतं. आधी हात धुवायचे, पडदा ओढायचा, रुग्णाला विचारायचं, औषध हाताशी ठेवायचं आणि मगच पट्टीला हात लावायचा. मनाच्या जखमेवरची पट्टी मात्र मी भर सभेत, कसलीही तयारी नसताना ओढून काढली. विहार कमिटी, महिला मंडळ, जयंती मंडळ, बचत गट चालवणाऱ्या आपण सगळ्यांनी यातून काय शिकायचं, तो आजचा विषय.

आघात म्हणजे काय?

मारहाण, लैंगिक छळ, जाळपोळ, अपघात, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, जातीवरून चारचौघांत झालेली विटंबना. जीव किंवा इज्जत धोक्यात आली आणि सुटायला वाटच नव्हती, तर मनावर जो घाव बसतो त्याला मानसिक आघात म्हणतात.

धोका दिसला की छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय लढायला किंवा पळायला तयार होतात. लढता येत नाही आणि पळताही येत नाही, तेव्हा माणूस गोठतो. वाचा बसते. हे शरीर आपोआप करतं. म्हणून "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न कुणालाही विचारू नका. ओरडणं तिच्या हातात नव्हतं.

धोका टळला की बहुतेकांचं शरीर हळूहळू शांत होतं. काहींचं होत नाही. झोप लागत नाही, तीच स्वप्नं पडतात, लहानशा आवाजानं दचकायला होतं, ती जागा आणि ती माणसं टाळावीशी वाटतात, मन बधिर होतं किंवा सारखी चिडचिड होते. काहींना डोकेदुखी आणि पोटदुखी मागे लागते, काही दारूकडे वळतात. हा त्रास महिन्याभरापेक्षा जास्त राहिला तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

एक गोष्ट कमिटीच्या माणसांनी नीट लक्षात ठेवावी. जुना आघात एखाद्या वासानं, आवाजानं, उगारलेल्या हातानं पुन्हा जागा होतो. अध्यक्ष टेबलावर हात आपटून ओरडतो, तेव्हा त्याच्या दृष्टीनं तो फक्त शिस्त लावत असतो. पण समोर बसलेली एखादी बाई त्या क्षणी सभेत नसते. ती तिच्या त्या रात्रीत परत गेलेली असते.

आपल्या वस्त्यांची जुनी जखम

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं, ते आपल्या आधीच्या पिढीनं भोगलं. बौद्धवाडे जळाले, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांनी जीव गमावला. १९७९ साली नागपुराहून लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षांचा तो लढा.

दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटवर जमतो, गाणी ऐकतो, पुस्तकं घेतो, लेकरांना शहिदांची नावं सांगतो. एकत्र येऊन मानानं आठवण काढणं हेसुद्धा जखमेवरचं औषधच आहे. पण घराघरात त्या रात्रींबद्दल फारसं बोललं गेलं नाही.

माझ्या आईचं लग्न तेव्हा नुकतंच झालेलं होतं. गावातलं घर जळालं, दोन रात्री रानात पावसात काढल्या, मग मजुरीसाठी शहर गाठलं. आमच्या पत्र्याच्या घरात दाराशी एक गाठोडं कायम बांधलेलं असायचं. दोन लुगडी, रेशनकार्ड आणि बाबासाहेबांचा फोटो. ते कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दिवाळीत फटाक्यांची माळ वाजली की ती चुलीपुढून उठून कडी लावायची. आम्ही मोठ्यानं बोललो तरी धपाटा बसायचा. आई रागीट आहे, असंच आम्ही समजत होतो. नर्सिंगला गेल्यावर मला कळलं, ती घाबरलेली होती.

अशाच घरांतून आलेली माणसं आज आपल्या कमिट्या चालवतात. मीही त्यातलीच. भीतीत वाढलेलं माणूस कधी फार कडक होतं, कधी गप्प बसतं, कधी कुणी साधा प्रश्न विचारला तरी त्याला हल्ला समजतं. म्हणून आपल्याकडे हिशेब विचारला की भांडण होतं आणि एका मंडळाची दोन मंडळं होतात. प्रत्येक भांडणामागे आघातच असतो, असं नाही. स्वार्थ असतो, खुर्चीचा मोहही असतो. पण ज्या समाजानं इतकं सोसलं, त्याच्या संस्था कशा चालवायच्या याचा वेगळा विचार केला पाहिजे.

पटाचारा आणि तथागत

हा विचार आपल्या घरचाच आहे. श्रावस्तीच्या पटाचारेची गोष्ट थेरीगाथेच्या अट्ठकथेत आहे. बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या पटाचारेचा नवरा वाटेत सर्पदंशानं गेला. नदी ओलांडताना एक मूल ससाण्यानं उचललं, दुसरं पाण्यात वाहून गेलं. गावाजवळ आल्यावर कळलं, रात्रीच्या वादळात घर कोसळून आईबाप आणि भाऊही गेले. तिचं भान हरपलं. अंगावरचं वस्त्र गळून पडलं तरी तिला कळेना. लोक वेडी म्हणून हाकलू लागले. ती जेतवनात आली तेव्हाही तिला अडवायला लोक पुढे झाले.

तथागतांनी काय केलं, ते क्रमानं बघा. आधी लोकांना थांबवलं आणि तिला जवळ येऊ दिलं. मग तिला बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर यायला सांगितलं. ती भानावर आली, तेव्हा एकानं आपलं वस्त्र तिच्या अंगावर टाकलं. एवढं झाल्यावर ती आपणहून बोलली आणि तथागतांनी ऐकलं. उपदेश सगळ्यात शेवटी आला. पुढे तीच पटाचारा भिक्खुणी संघातली मोठी आचार्या झाली आणि लेकरं गमावलेल्या कितीतरी स्त्रियांना तिनं आधार दिला.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातावर एक ग्रंथ लिहिला. त्यातला क्रम असाच आहे. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. मी त्या सुनेच्या बाबतीत पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर गेले होते.

चूक सांगता येते का?

दुसरा धडा नर्सिंगमधला आहे. मी नवी असताना एका दवाखान्यात रात्रपाळीला सोबतच्या मुलीकडून सलाइनचा वेग चुकला. तिनं ते लपवलं. कारण चूक कबूल करणाऱ्या मुलीला तिथे सगळ्या वॉर्डासमोर झापलं जायचं. रुग्ण वाचला, पण ते नशीब.

नंतर कळलं की अमेरिकेत एमी एडमंडसन या अभ्यासक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी असतील, असं त्यांना वाटत होतं. उलटंच दिसलं. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती. कारण तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती नव्हती. जिथे भीती होती, तिथे चुका झाकलेल्या राहत होत्या. आपल्याला न पटलेलं किंवा आपलं चुकलेलं बोलून दाखवलं तर अपमान होणार नाही, हा भरवसा म्हणजेच मानसिक सुरक्षितता.

आपल्याकडे हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. वर्षावास संपताना संघात प्रवारणा होते. प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करतो की माझ्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल तर करुणेनं मला सांगा. संयुत्त निकायातल्या एका सुत्तात तर स्वतः तथागत संघाला विचारतात, माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हाला काही वावगं दिसतं का? शास्ता स्वतः विचारतो, मग मंडळाच्या अध्यक्षाला विचारायला कमीपणा का वाटावा?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम बौद्ध भिक्खू संघाला माहीत होते. राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते, हा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला. त्यांचा फोटो लावून चालणाऱ्या सभेत अध्यक्षाला प्रश्न विचारायची सोय नसेल, तर आपण त्यांचं ऐकलं नाही.

आपल्या मंडळात काय करायचं?

१. सभेत खासगी दुःख विचारू नका. दोन विश्वासू बायका नेमा. ज्याला बोलायचं असेल तो त्यांच्याशी वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी बोलेल. बोलायचं की नाही, हे त्याचं तो ठरवील.

२. गुपित राखा आणि त्याची मर्यादाही आधीच सांगा. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचा लैंगिक छळ झाला असेल, तर गुपित राखता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

३. "का" कमी विचारा. "तू तिथे का गेलीस?" यापेक्षा "आत्ता तुला काय लागेल?" हे विचारा. पाणी, सोबत, रात्रीपुरती जागा, दवाखान्यात नेणं, यातलं काहीतरी उत्तर येईल. निर्णय तिचा तिला घेऊ द्या. तिचं आधीच बरंच काही कुणीतरी हिसकावून घेतलेलं आहे, निर्णयही हिसकावू नका.

४. कुणी थरथरायला लागलं तर गर्दी हटवा. पाय जमिनीवर टेकवून बसवा, पाणी द्या, श्वास सावकाश सोडायला सांगा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. परवानगीशिवाय अंगाला हात लावू नका.

५. ध्यानाला बसताना सगळ्यांना डोळे मिटायची सक्ती नको. आघात झालेल्या माणसाला डोळे मिटल्यावर तेच दृश्य दिसू शकतं. उघड्या डोळ्यांनी, दाराजवळ बसायची आणि मध्येच उठून जायची मुभा ठेवा. ध्यान सुरू केलं म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करायला कुणालाही सांगू नका.

६. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर लिहा. हिशेब उघडा असला की संशय वाढत नाही. वर्गणी कुणाची राहिली असेल, ते मात्र फळ्यावर नको.

७. बैठकीत लहानांना आणि नवीन माणसांना आधी बोलू द्या, पदाधिकाऱ्यांनी शेवटी बोलावं. आक्षेप घेणाऱ्याचे आभार माना. त्याला व्हॉट्सअॅप ग्रुपवर टोमणे मारले, तर पुढच्या वेळी कुणीच तोंड उघडणार नाही.

सुरक्षित म्हणजे गुळमुळीत नव्हे

काही कार्यकर्ते म्हणतात, "ताई, सगळ्यांना असं जपत बसलो तर शिस्त कशी राहील?" जपणं म्हणजे दोषीला पाठीशी घालणं नव्हे. आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक उलट्या बाजूची आहे. बायको मारणारा माणूस जयंतीला मोठी वर्गणी देतो किंवा मोर्चात पुढे असतो, म्हणून त्याची गोष्ट "घरातली आहे, मिटवून घ्या" म्हणून दाबली जाते. तक्रार करणाऱ्या बाईला ऐकवलं जातं की समाजाची बदनामी होईल. बाहेरच्यांनी केलेल्या अत्याचाराला आपण अत्याचार म्हणतो आणि आपल्या माणसानं केला की त्याला भांडण म्हणतो. ज्या बाईला बाहेर जात नडते आणि घरात हात उगारला जातो, तिनं जायचं कुठे? विहाराचं दारही तिच्यासाठी बंद झालं, तर ती चळवळीतून जाते आणि तिच्यासोबत तिची लेकरंही जातात.

म्हणून मारहाण आणि लैंगिक छळ यांत कमिटीनं पंच होऊ नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. त्यांच्यापर्यंत तिला सोबत नेणं, हे आपलं काम. चौकशी चालू असताना त्या माणसाला पदावर ठेवू नका.

पीडित कुटुंबाला भेटायला जाताना

अत्याचार झाला की आपण धावून जातो. जायलाच हवं. पण दहा संघटनांनी दहा वेळा "नेमकं काय झालं?" विचारलं, तर त्या कुटुंबाला तो प्रसंग दहा वेळा भोगावा लागतो. एकानं एकदाच नीट लिहून घ्यावं, बाकीच्यांनी सोबत करावी. परवानगीशिवाय फोटो काढू नये. लेकरांसमोर तपशील विचारू नये. आणि महिन्याभरानं, गर्दी ओसरल्यावर, पुन्हा जावं. खरी गरज तेव्हाच असते.

कार्यकर्त्यांनो, स्वतःकडेही बघा

रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्यालाही ते लागतं. झोप उडते, घरच्यांवर राग निघतो, सगळं व्यर्थ वाटतं. महापरित्राणाला आलेल्या शेजाऱ्याला आपण चहा विचारतो, पण पोलीस ठाण्यातून रात्री परतलेल्या कार्यकर्तीला "तू जेवलीस का?" असं कुणी विचारत नाही. विनयपिटकात अतिसारानं पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट आहे. तो कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून इतर त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतलं आणि संघाला सांगितलं की तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? बाबासाहेबांनीही ही गोष्ट आपल्या ग्रंथात घेतली आहे. आपल्या कार्यकर्त्यांना पाळीपाळीनं सुट्टी द्या. कठीण जागी एकट्यानं पाठवू नका.

मदत कुठे मिळेल?

मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जीव द्यावासा वाटतो, असं कुणी म्हणालं तर ती धमकी समजू नका. त्याला एकटं सोडू नका, फास, विष, औषधं दूर ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२, जातीय अत्याचारासाठी १४५६६ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक विहाराच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

शेवटी एक सांगते. मागच्या अश्विन पौर्णिमेला, वर्षावासातलं ग्रंथवाचन संपल्यावर, आम्ही मंडळात प्रवारणेसारखी बैठक घेतली. त्या सुनेच्या बाबतीत माझं काय चुकलं, ते मी तिचं नाव न घेता सगळ्यांसमोर मांडलं आणि माझ्यातलं आणखी काही खटकलं असेल तर सांगा, असं म्हटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, वर्गणी राहिली म्हणून तू मला एकदा सगळ्यांपुढं बोलली होतीस. मी दोन वर्षं यायचं बंद केलं होतं, तुला ठाऊक तरी होतं का?" मला ठाऊक नव्हतं. मी माफी मागितली. वहीत पहिला नियम तेव्हा लिहिला गेला, राहिलेल्या वर्गणीचं नाव सभेत घ्यायचं नाही. ती सून अजून आलेली नाही. दोघी जणी अधूनमधून तिच्या दारावरून जातात, फक्त "कशी आहेस?" एवढंच विचारतात.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या दोन वर्षांत आपल्या मंडळात कोण यायचं बंद झालं? त्यांना कारण कुणी विचारलं का?

२. आपल्या बैठकीत अध्यक्षांच्या विरोधात शेवटचं मत कुणी आणि कधी मांडलं? त्याचं पुढे काय झालं?

३. आज रात्री वस्तीतली एखादी मुलगी घाबरून विहारात आली, तर दार कोण उघडेल आणि पहिलं वाक्य काय बोलेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी वहीत लिहून ठेवा.

नमो बुद्धाय. जयभीम.